स्टॉपरकाका आणि कलकत्त्याचा माळ

स्टॉपरकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि आसपास कुठेही मोटारसायकल नव्हती. शहापूरच्या बाजारात, सकाळी अकराच्या उन्हात, सहा फूट उंचीचा एक म्हातारा काळं हेल्मेट घालून कोथिंबिरीची जुडी निवडत होता. भाजीवालीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला मात्र भीती वाटली. मी गावात चार दिवसांची नवी होते. संगमनेरहून एकटी आले होते, खरेदीखतं-बक्षीसपत्रं लिहून देणाऱ्या एका दस्तलेखकाकडे टायपिंगला लागले होते आणि राहायला खोली शोधत होते. त्याच संध्याकाळी जी खोली बघायला गेले त्या घराचं दार उघडलं ते त्याच हेल्मेटनं.

"आत ये," हेल्मेटच्या आतून आवाज आला. "आन दाराकडं पाठ करून उभी राहू नको. मागं बघायची सवय ठेव."

मी परत फिरणार होते. तेवढ्यात आतून एक बाई पदराला हात पुसत आल्या. त्या हेल्मेटवाल्या काकांच्या धाकट्या बहीण. मुरबाडपुढच्या वैशाखऱ्याकडच्या गावाहून महिन्यातून एकदा एसटीनं तांदूळ घेऊन यायच्या. "घाबरू नको गो," त्या म्हणाल्या. "काय करत नाय तो. डोक्याला जपतो नुसता."

म्हणून मी वरची खोली घेतली. सव्वादोन वर्षं राहिले. त्यातले बरेच दिवस मी घाबरलेलीच होते. आधी त्यांना, मग त्यांच्यासाठी, आणि शेवटी स्वतःसाठी.

त्यांचं खरं नाव मी पुढे एकदा टाइपही केलं, पण इथे लिहीत नाही. गावात त्यांना सगळे स्टॉपरच म्हणायचे. हे नाव कसलं ते मला माहीत नव्हतं. फुटबॉलमधलं मला काहीच कळत नाही. त्यांनीच सांगितलं, गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा शेवटचा माणूस म्हणजे स्टॉपर. समोरून उंच आलेला प्रत्येक बॉल त्यानं डोक्यानं मारून परत पाठवायचा. सोळा वर्षं त्यांनी हेच केलं. वाडीतून मामाकडे मुंबईला गेले, मामाच्या चाळीमागच्या मैदानात अनवाणी खेळताना कुणीतरी बघितलं, एका ऑफिसच्या टीमनं नोकरीसकट घेतलं. तिथून गोव्याच्या क्लबनं नेलं, आणि तिथून कलकत्त्याच्या. खेळायचे पैसे मिळतात हे त्यांच्या आईला शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

"आये इचारायची, खेळतोस ते कळलं, पन काम काय करतोस?" हे सांगताना ते हसायचे. हसताना त्यांचा पुढचा एक दात नसलेला दिसायचा. तो दात गोव्यात पडला होता, एका स्ट्रायकरच्या कोपरानं.

प्रत्येक सीझन संपला की ते गावी यायचे आणि मिळालेल्या पैशातून जमिनीचा एक तुकडा घ्यायचे. बरोबरचे खेळाडू गाड्या घ्यायचे, हॉटेलं काढायचे, हातात कडी घालायचे. हे मुरबाड-शहापूर तालुक्यांत दगडधोंडे विकत घेत फिरायचे. लोक हसायचे. पुढे त्यातल्या एका माळाच्या अंगाला मोठा रस्ता आला आणि हसणारे एकदम गप्प झाले. मी आले तेव्हा गावात त्यांच्या संपत्तीचे आकडे ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळे होते. ते स्वतः खालच्या दोन खोल्यांत राहायचे, नाचणीची भाकरी आणि सुका जवळा खायचे, आणि कुठल्याशा स्पर्धेत मिळालेल्या मोठ्या चांदीच्या कपात वाल भिजत घालायचे.

"चांदीचा कसला," ते म्हणायचे. "पत्र्यावर पानी चढवलंय. वाल मात्र झकास भिजतात."

त्या जमिनींना त्यांनी नावं दिली होती. सर्व्हे नंबर त्यांच्या तोंडात कधी नसायचे. ऑफिसच्या टीममध्ये असताना घेतलेली भातशेती ती हापिसाची खाचरं. गुडघा मोडला त्या वर्षीची गुडघ्याची पट्टी. मग गोव्याची आंबराई, डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचं फायनलचं वरकस, टोकनची विहीर. टोकन म्हणजे क्लबनं करार करताना हातावर ठेवलेली पहिली रक्कम. उंबरमाळीकडचा साडेसहा एकरांचा तुकडा म्हणजे कलकत्त्याचा माळ. आणि आम्ही राहत होतो ते शेवटच्या सीझनचं घर.

रोज सकाळी सात वाजता ते खालच्या खोलीत उभे राहून ही सात नावं मोठ्यानं म्हणायचे. माझी फरशी म्हणजे त्यांचं छत. शब्द न् शब्द ऐकू यायचा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा आपली इस्टेट मोजून खूश होतोय. राग आला होता मला. मी रोज बारा-बारा तास टाइप करत होते आणि खाली हा माणूस पोथी वाचावी तसा आपली श्रीमंती वाचत होता.

खरं कारण समजलं ते केस कापण्यावरून. न्हाव्यानं कटिंग झाल्यावर सवयीनं त्यांच्या डोक्याला दोन थापा मारल्या. काका खुर्चीतून उठले ते थेट रस्त्यावर. दाढी करायची राहिली तशीच. घरी येऊन ते दोन्ही हातांनी डोकं धरून पायरीवर बसले होते. मी पाणी दिलं.

"आता एक पन मार बसता कामा नये," ते म्हणाले. "आतला कोटा संपलाय."

मग त्यांनी सांगितलं. सरावाचे बॉल जुने असायचे, चामड्याचे, टाके उसवलेले. पाऊस प्यायले की दगडासारखे जड. कोच उंच बॉल टाकायचा आणि हे डोक्यानं मारायचे. शंभर, दीडशे, अंधारून येईपर्यंत. रात्री जेवताना ताटातला भात दोन दोन दिसायचा. त्याला कुणी दुखणं म्हणत नव्हतं. कलकत्त्यात त्यांच्या शेजारी उभा राहून खेळणारा मागच्या फळीतला दुसरा एक बॅक होता, सहा सीझनचा सोबती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी काका त्याला भेटायला गेले. तो खिडकीशी बसला होता. त्यानं काकांना ओळखलं नाही. डॉक्टर समजून जीभ बाहेर काढून दाखवली.

"सहा सीझन आमी एकमेकांकडं न बघता समजायचो, कोन कुठं हाये ते," काका म्हणाले. "आन त्यानं मला जीभ दाखवली. त्याची बायको रडत सांगत व्हती, फ्लॅट गेला, गावची माशांची तळी गेली. कोनीबी कागद पुढं करायचा, हा सही करायचा. सही तेवढी आठवत व्हती त्याला."

मग त्यांनी विचारलं, "मी रोज जमिनींची नावं का म्हनतो, कळलं का तुला?" मला कळलं होतं. ती उजळणी श्रीमंतीची नव्हती. सात नावं बरोबर आली म्हणजे आजचा दिवस डोकं जागेवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ठाण्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं की सुरुवात झाली आहे. फाइल त्यांनी तांदळाच्या डब्याखाली ठेवली होती, जमिनींचं काम बघणाऱ्या पुतण्याला दिसू नये म्हणून.

"तुला वरून ऐकू येतं," ते म्हणाले. "एखादं नाव राहिलं तर मला सांगायचं. दया करायची नाय. खोटं बोलायचं नाय. कबूल?"

मी कबूल केलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

त्यांची आणखी एक सवय होती. दिवे लागले की ते जिन्याखालून ओरडायचे, "लाईन?" आणि मी वरून "ठीक!" म्हणायचं. मैदानावर मागच्या फळीला हाक मारायचे तसं. पहिले काही दिवस मला ते विचित्र वाटायचं, शेजारपाजारचे हसतील म्हणून लाजही वाटायची. नंतर त्याची इतकी सवय झाली की त्या हाकेशिवाय मला जेवायला बसवत नसे.

एका संध्याकाळी हाक आली नाही. साडेसात झाले, पावणेआठ झाले. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. खाली जायची भीती वाटत होती. खाली काय दिसेल याची. शेवटी उतरले तर जिन्याच्या मध्यावरच गॅसचा वास आला. दार नुसतं लोटलेलं होतं. काका शेगडीसमोर स्टुलावर बसले होते, डोक्यावर हेल्मेट, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. शेगडीचं बटण पूर्ण फिरवलेलं. गॅस सूं सूं करत होता. ते काडीकडे बघत होते, पेटीकडे बघत होते, पुन्हा काडीकडे.

मी ओरडले तर दचकून ते काडी ओढतील असं वाटलं. मी भिंतीला धरून त्यांच्या मागून गेले, बटण बंद केलं, मग त्यांच्या बोटांतून काडी काढून घेतली. बोटं बर्फासारखी गार होती.

"याचं काय करायचं असतं गो?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

मी खिडक्या उघडल्या आणि त्यांना हाताला धरून अंगणात नेलं. दुसऱ्या दिवशी मी विजेची शेगडी आणली आणि सिलिंडर शेजाऱ्यांकडे ठेवला. काकांना त्यातलं काही आठवत नव्हतं. "सिलिंडर कुठं गेला?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नावं पहिल्यांदाच दोनदा म्हटली.

आणि त्याच आठवड्यात ते सहा नावांवर थांबले.

हापिसाची खाचरं, गुडघ्याची पट्टी, गोव्याची आंबराई, फायनलचं वरकस, टोकनची विहीर, शेवटच्या सीझनचं घर. मी वर केस विंचरत होते. हात तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "सगळी झाली ना गो?"

त्या एका प्रश्नात इतकी भीती होती की मला 'नाही' म्हणवेना. गॅसच्या दिवसापासून ते नीट जेवत नव्हते. आज खरं सांगितलं तर पुन्हा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसतील, असं मला वाटलं. उद्या आपोआप आठवेल, असंही वाटलं.

"हो काका," मी म्हटलं. "सगळी झाली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाच. पुन्हा त्यांनी विचारलं, पुन्हा मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी मला दया आली होती. नंतर मात्र आदल्या दिवशीचं खोटं उघडं पडेल म्हणूनच मी हो म्हणत गेले. असं तीन आठवडे चाललं. कलकत्त्याचा माळ त्यांच्या डोक्यातून पुसला गेला आणि तो पुसायला मी रोज सकाळी हातभार लावला.

पुतण्या आठवड्यातून एकदा यायचा. तिशीचा, गोड बोलणारा, हातात नेहमी मिठाईचा पुडा. त्यांना तो नाना म्हणायचा. जमिनींचे सातबारे, फेरफार सगळं तोच बघायचा. वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. तोही घाबरलेला असायचा, कुणाचा तरी फोन आला की अंगणाच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलायचा. त्या दिवसांत तो जमिनीच्या एका एजंटला बरोबर आणू लागला. पांढरे बूट घालणारा माणूस. बोलायचा कमी. घरात आला की आधी भिंती, मग छत, मग जिना असं सगळं नजरेनं मोजायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "मॅडम एकट्याच राहता वर?" मी हो म्हटलं आणि दिवसभर ते हो मला टोचत राहिलं.

एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास आमच्या दस्तलेखकांनी एक कच्चा मसुदा माझ्याकडे टाकला. "पार्टी बाहेर बसली आहे, अर्ध्या तासात प्रिंट द्या." मी टाइप करायला घेतलं. मौजे उंबरमाळीच्या बाजूचं एक गाव. क्षेत्र साडेसहा एकर. लिहून देणार, म्हणजे विकणारा, म्हणून काकांचं नाव. लिहून घेणार कुणीतरी अनोळखी. पुतण्या साक्षीदार.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या बाकावर काका बसले होते. आज हेल्मेट नव्हतं. पांढरा सदरा, केसांना तेल, भांग पाडलेला. लग्नाला आणल्यासारखे. एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला पांढरे बूट. एजंटचा हात काकांच्या खांद्यावर होता.

मी दस्तलेखकांना म्हटलं, "साहेब, हे माझे घरमालक आहेत. त्यांना आठवत नाही काही. ही जमीन त्यांचीच आहे हेसुद्धा आठवत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आजवर ते माझ्याशी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत. "ताई, आपलं काम टाइप करायचं," ते म्हणाले. "वाचायचं नाही. आणि ती माणसं कोण आहेत हे तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे."

बोलता बोलता त्यांनी हळूच दार लोटून घेतलं. ते बघून माझं उरलंसुरलं धैर्य गेलं. मी बसले. नाव टाइप केलं. क्षेत्र टाइप केलं. चतुःसीमा टाइप केल्या, पूर्वेला ओढा, पश्चिमेला रस्ता. प्रिंट काढली आणि दिली. हे मी लपवणार नाही. सगळा दस्त मी माझ्या हातांनी तयार करून दिला.

ते तिघं उठून रजिस्ट्री कचेरीकडे चालू लागले. काका मध्ये. चालता चालता त्यांनी सवयीप्रमाणे मागं वळून पाहिलं. मी खिडकीत दिसले तेव्हा त्यांनी लहान मुलासारखा हात हलवला.

मी चपला न घालताच धावले.

कचेरीच्या व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. मला वाटलं होतं मी ओरडून काहीतरी सांगेन, पण धाप लागली होती आणि पांढऱ्या बुटांचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी काकांसमोर उभी राहिले. "काका, मी खोटं बोलले," एवढंच म्हणाले. "तीन आठवडे रोज खोटं बोलले. नावं सहा नाहीत. सात आहेत."

"मॅडम, तुमी जावा," पुतण्या म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "नाना नुसते साक्षीदार हायेत. जमीन माझी हाय." मी टाइप केलेल्या दस्तात मात्र हे नेमकं उलटं होतं.

"कोनतं राहिलं?" काकांनी मला विचारलं.

"कलकत्त्याचा माळ."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता आठवेल, आता डोळ्यांत ओळख दिसेल, म्हणून. काहीच झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. ते नाव त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की पुरेल.

"मला नाय आठवत," ते हळूच म्हणाले.

"बघा, झालं समाधान?" एजंटनं त्यांचा दंड धरला. "चला नाना, टाइम नाही."

आत त्यांचा नंबर लागला. मी दारातच उभी राहिले, कुणी हटकलं नाही. अधिकारी बाईंनी कागद चाळले, कॅमेरा त्यांच्याकडे वळवला आणि रोज शंभरदा विचारायचा प्रश्न विचारला. "आजोबा, दस्त वाचला का? समजून-उमजून देताय ना? मान्य आहे?"

काकांनी आधी पुतण्याकडे पाहिलं. मग वळून दाराकडे, माझ्याकडे. खूप वेळ. त्या वेळात ते काय तोलत होते हे मला समजत होतं. एका बाजूला त्यांचं स्वतःचं डोकं होतं, जे सांगत होतं की अशी काही जमीन नाही. दुसऱ्या बाजूला मी होते, जिनं आत्ताच कबूल केलं होतं की ती खोटारडी आहे.

"बाई," ते म्हणाले, "मला हे काय ते आठवत नाय. डॉक्टर म्हनतो माझं डोकं चाललंय. फाइल हाये घरी, तांदळाच्या डब्याखाली. जे मला आठवत नाय ते मी देऊ कसं?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग दस्त होणार नाही," त्या म्हणाल्या, आणि कागद परत ढकलले. पुतण्या काहीतरी बोलू लागला, तर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर पुतण्या व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसला. "नाना, तुमी मला मारलंत," तो म्हणाला. "मी त्यांचे पैसे घेऊन बसलोय." त्याचे ओठ पांढरे पडले होते. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पांढऱ्या बुटांचा माणूस माझ्याजवळ आला, अगदी जवळ, आणि सभ्य आवाजात म्हणाला, "जिना बाहेरून आहे ना तुमचा?"

तेवढंच. त्यानंतर बारा दिवस तो माणूस आमच्या घरासमोरच्या टपरीवर चहा पीत उभा असायचा. काही करायचा नाही. नुसता उभा असायचा. मी कडी लावून, कडीला कुलूप घालून बसायचे. दस्तलेखकांनी दुसऱ्याच दिवशी माझा हिशेब करून दिला होता आणि माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "तुम्ही बरोबर केलंत, पण इथे येऊ नका." काकांच्या बहिणीला मी फोन केला. त्या रात्रीच्या एसटीनं आल्या, कंबरेला कोयता खोचून, आणि टपरीसमोर जाऊन त्या माणसाला मोठ्यानं म्हणाल्या, "काय रे, कोनाची वाट बघतोस?" अख्खी आळी बाहेर आली. तेराव्या दिवशी तो आला नाही. पण आजही कुणी पांढरे बूट घातलेला दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

पुढे बहिणीनं वकील गाठला. काकांचे दोन-तीन चांगले दिवस बघून, डॉक्टरांचा दाखला घेऊन, मृत्युपत्र झालं. गोव्याची आंबराई विकून पुतण्याला एजंटच्या तावडीतून सोडवलं. ते काकांनीच सांगितलं होतं, भानावर असताना. "तो पन घाबरलाय," ते म्हणाले होते. "घाबरलेल्या मानसाला एकटा सोडायचा नाय." बाकीच्या जमिनी बहिणीच्या देखरेखीखाली आहेत. काका आता बहिणीजवळ, वैशाखऱ्याकडे असतात. मी मुरबाडला एका झेरॉक्स सेंटरमध्ये काम करते आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना बघायला जाते. जायच्या आदल्या दिवशी दर वेळी मला झोप लागत नाही. या वेळी काय गेलेलं असेल, या विचारानं.

पण मला सांगायचा आहे तो त्यांनी शहापूर सोडण्याआधीचा एक दिवस. काकांनी हट्ट धरला, तो माळ मला दाखवा. बहीण, मी आणि काका रिक्षा करून गेलो. सकाळची वेळ होती. रस्ता सोडून आत गेलं की गवत कंबरेएवढं, मध्ये पळसाची चार झाडं, खाली ओढा. मी चतुःसीमा टाइप केल्या होत्या, म्हणून मला कडा ठाऊक होत्या. मी हातानं दाखवत गेले आणि काका माझ्यामागून चालत राहिले, पाहुणे चालतात तसे, गवत तुडवायला नको म्हणून जपून.

मध्यावर येऊन ते थांबले. चौफेर पाहिलं.

"यवढा सगळा माझा?"

"हो काका."

"कोनी दिला?"

"कुणी दिला नाही. तुम्ही विकत घेतलात. कलकत्त्याला फुटबॉल खेळायचात ना, त्या पैशातून."

ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला ओळखीची होती. व्हरांड्यात माळाचं नाव घेतलं होतं तेव्हाची. तोपर्यंत ते माणसं विसरले होते, काडेपेटी विसरले होते, जमीन विसरले होते. पण खेळ कधी विसरले नव्हते. बहिणीनं माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनाही ते समजलं होतं.

"मी खेळायचो?" त्यांनी विचारलं.

"सोळा वर्षं."

त्यांनी पुन्हा एकदा माळावरून नजर फिरवली, ओढ्यापासून रस्त्यापर्यंत, सावकाश. मग मान हलवली. "यवढी जमीन झाली म्हंजे बरा खेळत असन मी."

"लय बरा खेळायचास रे दादा," बहीण म्हणाल्या.

"तू बघितलायस?"

बहिणीनं एकही मॅच पाहिली नव्हती. वाडीतून कलकत्त्याला कोण जाणार होतं? काका माझ्याकडे वळले. "तू?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पण त्या रस्त्यानं मी एकदा जाऊन आले होते.

"नाही काका," मी म्हटलं. "मी पण नाही पाहिलं."

वारा सुटला होता, गवत सगळं एका बाजूला लवत होतं. आम्ही तिघंच होतो तिथे, आणि त्या सोळा वर्षांबद्दल साक्ष द्यायला आमच्यातलं कुणीही उपयोगाचं नव्हतं.

"असन कोनतरी बघितलेला," काका म्हणाले, आणि रिक्षाकडे चालू लागले.